चालत्या इंजिनाचे अंतरंग

— बी. कॉम. भाग २, मराठी विभाग

गेल्या ऊस हंगामातील गोष्ट आहे. निपाणीस पी. बी. रोडलगत माझ्या मामांचे ट्रॅक्टर-दुरुस्तीचे गॅरेज आहे. कॉमर्सला असल्यामुळे त्यांची हिशेबाची वही लिहिण्याचे काम रविवारी माझ्याकडे असते. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण कोणत्या इंजिनावर किती मजुरी चढली, हे मात्र पाठ असते.

त्या हंगामात एक ट्रॅक्टर आला. सकाळी सुरू केला की नव्यासारखा चालायचा. उसाची भरलेली ट्रॉली जोडून अर्धा तास ओढली, की हेडमधून टक-टक असा आवाज येऊ लागे आणि ओढ कमी होई. मामांनी इंजिन थंड होऊ दिले, हेड उतरवले, फिलर गेजने सगळ्या फटी मोजल्या. काहीच सापडले नाही. इंजिन पुन्हा बांधून दिले. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर, तोच आवाज. पुन्हा हेड उतरवले, पुन्हा सर्व ठीक! मालक वैतागून म्हणाले, "मेस्त्री, दोनदा इंजिन खोललं, दोनदा मजुरी घेतली, दोष तेवढा बाहेर काढला नाही."

मामांकडे पंचवीस वर्षे काम करणारे एक कन्नड भाषिक मिस्त्री आहेत. ते इतका वेळ गप्प होते. तिसऱ्या दिवशी ते मामांना एवढेच म्हणाले, "निंत्र गोत्तागूदिल्री." (कन्नड विभागाच्या वाचकांना हे सांगावयास नको, मराठी वाचकांसाठी : "थांबल्यावर कळत नाही हो.") त्यांनी ट्रॅक्टर ओझ्यावर चालवून तापवला, रॉकर कव्हर काढून इंजिन चालूच ठेवले, लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हेडवर टेकवले आणि मुठीला कान लावला. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून परत बसताना अडखळत होता. त्याचे गाईड पूर्वी दुसरीकडे कुठेतरी बदलले होते आणि ते जरा घट्ट बसले होते. व्हॉल्व्ह थंड असताना त्यातून मोकळा सरके, तापला की धरून बसे.

वहीत मी लिहिले : हेड उतरवणे, तीन वेळा, मजुरी, एक वेळ. मामांनी मागच्या दोन्ही वेळची मजुरी परत केली होती. मालकांच्या चार दिवसांच्या खेपा बुडाल्या, त्या कोणत्याच वहीत आल्या नाहीत.

ह्या प्रसंगाने मला एक प्रश्न लागून राहिला. इंजिनाचा दोष ते चालताना असतो, आणि आपण पाहतो ते मात्र बंद करून, थंड करून, खोलून. म्हणजे जे पाहावयाचे तेच आपण आधी घालवून बसतो. मग चालू असतानाच आत पाहण्याची काही सोय जगात आहे काय? शोधता शोधता कळले, की ती आहे. ती क्ष-किरणांची आहे, आणि तिची गरज मुळात आमच्या मामांना पडली तशाच कारणाने पडली आहे.

आधी ते कारण पाहू. धातू तापला की वाढतो, हे आपण शाळेत रेल्वेच्या रुळांच्या फटीवरून शिकलो. एक मीटर लांबीचे पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापवले तर सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. व्हॉल्व्हची दांडी साधारण ९ मिलिमीटर जाडीची धरा. एक्झॉस्टच्या झळीने ती ४०० अंशांनी तापली, तर तिच्या विशेष पोलादाच्या हिशेबाने जाडी सुमारे ६ शतांश मिलिमीटरने वाढते. गाईडही थोडे वाढते, पण हेडमधल्या पाण्यामुळे ते पुष्कळ थंड राहते. दोहोंमध्ये मुळात फट जेमतेम ५ शतांश मिलिमीटरची असेल, तर ती जवळजवळ संपली! मामांच्या फिलर गेजने थंड इंजिनाबद्दल खरे तेच सांगितले होते. पण थंड इंजिनाला दोषच नव्हता.

आता हेच चित्र विमानाच्या जेट इंजिनात मोठे करून पाहा. तेथे पिस्टन नाही. एका दंडावर चकत्या, चकत्यांच्या कडेला शेकडो पाती, आणि ती पाती एका नळकांड्यासारख्या आवरणात फिरतात. पात्याचे टोक आणि आवरण ह्यांच्यामधली फट कमीत कमी हवी, कारण फटीतून निसटलेला तापलेला वायू काम न करताच निघून जातो. उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये ही फट पाव मिलिमीटरने कमी करता आली, म्हणजे साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, तर इंधनात सुमारे एक टक्का बचत होते असा तंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. फट अगदीच कमी ठेवली तर पाती आवरणाला घासतात.

ही फट एका जागी राहत नाही, हीच मोठी अडचण. वैमानिकाने वेग वाढवला की चकती जोराने फिरते आणि पाती बाहेरच्या बाजूस ताणली जातात. पातळ पाती लगेच तापतात. आवरण त्यांच्यामागून तापून फुगते. जाड चकती सर्वांत शेवटी तापते. इंजिन बंद केल्यावर उलटा प्रकार : आवरण लवकर थंड होऊन आवळते आणि आत चकती अजून तापलेलीच. अशा वेळी इंजिन पुन्हा लगेच जोरात चालवले तर घासण्याची भीती सर्वांत जास्त. म्हणजे प्रत्येक भाग आपापल्या वेळापत्रकाने वाढतो नि आकसतो. इंजिन थांबवून, थंड करून, खोलून पाहिले तर ह्यातले काय उरणार? फार तर घासल्याची खूण. ती केव्हा पडली, उड्डाणाच्या वेळी की उतरताना, हे ती खूण सांगत नाही.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटगेन ह्यांनी जर्मनीतील व्यूर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात बोटाची हाडे आणि अंगठी दिसते. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. धातूच्या वस्तूंचा एक्स-रे काढतात हे मात्र मला आमच्या औद्योगिक सहलीपर्यंत ठाऊक नव्हते.

बेळगावचा उद्यमबाग भाग फाउंड्रींसाठी प्रसिद्ध आहे. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचे दुकान काढले ते ह्याच बेळगावात. १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले नसते, तर तेलाच्या इंजिनांचे मोठे कारखाने पुण्याऐवजी आपल्याकडे झाले असते काय, असा विचार कधीकधी मनात येतो.) सहलीत एका फाउंड्रीत आम्हांला ओतीव भागाची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून दाखवली. करड्या पार्श्वभूमीवर वाटाण्याएवढा एक काळा डाग होता. पर्यवेक्षक म्हणाले, हा ब्लो-होल. ओतताना वायू आत अडकून राहिला. पोकळीत धातू कमी, म्हणून किरण जास्त पार गेले आणि तेथे फिल्म काळी पडली. बाहेरून तो भाग चकचकीत होता. मी विचारले, "हाच एक्स-रे मशीन चालू असताना काढता येईल का?" ते हसले आणि म्हणाले, "फोटो काढताना माणूस हलला तर काय होतं?"

उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. चालत्या इंजिनाच्या एक्स-रेपुढे दोन अडथळे आहेत. हलण्याचा एक, आणि जाडीचा दुसरा.

जाडीचे आधी पाहू. दवाखान्यात छातीच्या फोटोसाठी सुमारे एक-सव्वा लाख व्होल्टचे यंत्र पुरते. जेट इंजिनातून आरपार जावयाचे तर धातूचे थरांवर थर भेदावे लागतात. त्यासाठी ८० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे किरण वापरतात. ते साध्या नळीत तयार होत नाहीत. रेषीय त्वरक नावाच्या यंत्रात सूक्ष्मतरंगांच्या जोरावर इलेक्ट्रॉन पळवतात आणि टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळवतात. कर्करोगाच्या इस्पितळात ह्याच जातीचे यंत्र असते. न्हावा शेवा बंदरात कंटेनर न उघडता आतला माल तपासतात तोही ह्याच जातीच्या यंत्राने. इतक्या जोरदार किरणांचीसुद्धा दर तीन सेंटिमीटर पोलादामागे निम्मी शक्ती खर्ची पडते. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे लगेच समजेल : उरलेल्या किमतीवर दर वर्षी ५० टक्के घसारा काढावा तसे. दहा थर, म्हणजे ३० सेंटिमीटर पोलाद पार केल्यावर मूळच्या हजाराव्या हिश्शाइतकेच किरण शिल्लक राहतात. त्या शिलकीवर चित्र काढावयाचे असते.

जेट इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइस कंपनीने इंग्लंडात ब्रिस्टल येथे १९७० च्या दशकातच चालत्या इंजिनांवर असे प्रयोग केले. त्या दशकाचा आरंभ त्या कंपनीला फार वाईट गेला होता. ट्रायस्टार विमानासाठी घेतलेल्या आरबी २११ ह्या इंजिनाचा विकासखर्च अंदाजाच्या कितीतरी पलीकडे गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. सरकारने ती ताब्यात घेतली. १९८७ साली ती पुन्हा खाजगी झाली. परिव्ययशास्त्राच्या तासाला हे उदाहरण द्यावे अशी आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. इंजिन तयार करण्यात खर्च होतो तो केवळ धातूवर नव्हे. बनवावे, चालवावे, बिघडले की खोलावे, कारणाचा तर्क करावा, सुधारून पुन्हा चालवावे, ह्या फेऱ्यांवर तो होतो. मामांच्या वहीतल्या "हेड उतरवणे, तीन वेळा" ह्या ओळीचेच ते मोठे रूप आहे. एखादी फेरी जरी वाचली तरी एक्स-रेची किंमत निघते, असे मला वाटते.

ह्या प्रयत्नांचे आजचे सर्वांत मोठे रूप इंग्लंडातल्याच डर्बी शहरी आहे. तेथे ह्याच कंपनीने टेस्टबेड ८० नावाची चाचणीशाळा बांधली. बांधकामास जवळजवळ तीन वर्षे आणि ९ कोटी पौंड लागले; पौंड शंभर रुपयांचा धरला तर ९०० कोटी रुपये. आतील जागा ७,५०० चौरस मीटर. १४ जानेवारी २०२१ रोजी तेथे पहिले इंजिन चालवले गेले, ते एअरबस ए ३५० विमानाचे ट्रेंट एक्सडब्ल्यूबी. ह्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याचाच व्यास तीन मीटर आहे. चाचणीच्या वेळी इंजिन छताखाली टांगतात, एका बाजूस क्ष-किरणांचा उगम आणि दुसऱ्या बाजूस ते टिपणारा पडदा. हे यंत्र सेकंदास ३० चित्रे घेते.

३० चित्रे म्हटल्यावर मला प्रथम वाटले, की सिनेमासारखी पाती फिरताना दिसत असतील. मग गणित केले. ह्या इंजिनाचा आतला, उच्च दाबाचा दंड मिनिटाला १२,००० हून अधिक फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २००. दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो साडेसहा फेऱ्यांहून अधिक फिरून गेलेला असतो! पाती पाहण्यासाठी ३० चित्रे अगदीच तोकडी. येथे फाउंड्रीतल्या पर्यवेक्षकांचा आक्षेप आठवतो. मग चित्र पुसट का होत नाही?

पाती खरोखरच पुसट होतात. पण चकती गोल आहे. ती कितीही फिरली तरी तिची कड बाजूने पाहता त्याच जागी दिसते, कुंभाराच्या चाकावरचे मडके फिरताना स्थिर भासते तशी. आणि अभियंत्यांना पाहावयाचे असते ते चकतीच्या कडेचे, सीलचे आणि आवरणाचे एकमेकांपासूनचे अंतर. हे अंतर फिरण्याच्या वेगाने बदलत नाही. ते तापण्याच्या वेगाने, काही सेकंदांत वा मिनिटांत बदलते. त्यासाठी सेकंदाला ३० चित्रे पुरून उरतात. वेग वाढवल्यावर चकती पुढे किती सरकली, फट कधी सर्वांत अरुंद झाली, बंद केल्यावर कोणता भाग आधी आवळला, हे सारे न खोलता वाचता येते. एखादे पातेच पाहावयाचे असेल तर आणखी एक युक्ती आहे. त्वरकातून किरण सलग न येता अतिशय अल्प काळाच्या स्पंदांनी येतात. पाते ठराविक जागी आले की स्पंद सोडावयाचा. ट्यूबलाइटच्या उजेडात पंखा कधीकधी थांबल्यासारखा दिसतो, तोच हा प्रकार. मात्र एका स्पंदात किरण थोडेच असल्यामुळे अनेक स्पंदांची बेरीज करून चित्र पुरे करावे लागते.

ह्यावरून क्ष-किरणांपुढे काहीच लपत नाही असा समज करून घेऊ नये. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए ३८० विमानाचे एक ट्रेंट ९०० इंजिन आकाशात फुटले. विमानात ४६९ माणसे होती. वैमानिकांच्या कौशल्याने सर्व सुखरूप उतरली. चौकशीत निघाले, की तेल नेणाऱ्या एका छोट्या नळीचे भोक पाडताना केंद्र चुकले होते. एका बाजूची भिंत पातळ राहिली, तिला थकव्याने तडा गेला, तेल गळून आग लागली आणि टर्बाइनची चकती फुटली. हा दोष कारखान्यातच मोजमापाने पकडावयाचा होता. चाचणीच्या वेळी कितीही चित्रे घेतली, तरी पाहणाऱ्याने त्या नळीकडेच बघावयास हवे ना!

धोक्याबद्दलही लिहिले पाहिजे. त्वरकाचा वीजपुरवठा तोडला की किरण थांबतात. फाउंड्रीत पुष्कळदा वापरतात ते इरिडियम-१९२ मात्र कधीच बंद होत नाही. ७४ दिवसांनी त्याची तीव्रता निम्मी होते, एवढेच. म्हणून ते शिशाच्या जाड कोशात ठेवतात, काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीवाचून ते बाळगता येत नाही. दिल्लीच्या मायापुरी भागात एप्रिल २०१० मध्ये काय घडले, हे भंगाराच्या व्यापाराशी संबंध असलेल्या प्रत्येकाने वाचावे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील एक जुने उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. भंगाराच्या दुकानात ते फोडले गेले, एक माणूस मेला आणि अनेक आजारी पडले. लिलावाच्या यादीत त्या वस्तूची किंमत लिहिलेली असेल. ती वस्तू काय आहे हे कोणी पाहिले नव्हते.

ही सारी माहिती जमवून मी मामांना सांगितली. त्यांनी डर्बीचा खर्च ऐकून घेतला, नऊशे कोटींवर काही बोलले नाहीत. मग विचारले, "त्या फोटोत ऑइल दिसतं का रे? आमचं निम्मं भांडण ऑइलशी असतं. वर चढलं का, कुठं अडलं का, तेच कळत नाही."

मला उत्तर देता येईना. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारले तेव्हा त्यांनी समजावून दिले. क्ष-किरण जड धातूत अडतात आणि तेलासारख्या हलक्या पदार्थातून सहज निघून जातात. लोखंडाच्या आड दडलेले तेल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी न्यूट्रॉन हवेत. त्यांची तऱ्हा उलटी आहे : ॲल्युमिनियम आणि लोखंड ह्यांतून ते बरेचसे पार होतात, पण तेलात हायड्रोजन भरपूर असतो आणि तो त्यांना विखरून टाकतो. त्यामुळे धातू फिका आणि तेल गडद असे चित्र मिळते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधन अणुभट्टीवर जर्मन संशोधकांनी मोटारीचे चार सिलिंडरचे इंजिन विजेच्या मोटरने फिरवून त्याची न्यूट्रॉन-चित्रे घेतली आहेत. त्यात पिस्टन वर-खाली होताना आणि तेल उडताना दिसते. आपल्या देशात तुर्भे येथील अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली, आणि तिच्यावर न्यूट्रॉन-चित्रणाचे काम झाले. तामिळनाडूत कल्पाक्कम येथे १९९६ पासून कामिनी नावाची केवळ ३० किलोवॉटची छोटी अणुभट्टी आहे. अग्निबाणातील छोटे स्फोटक भाग न उघडता तपासण्यासाठी तिचा उपयोग केला जातो.

मामांना हे सांगितले तेव्हा ते एका ट्रॅक्टरचे हेड बसवत होते. "म्हणजे आमच्यासाठी अजून स्क्रू-ड्रायव्हरच," असे म्हणून त्यांनी कामाला हात घातला. एक बदल मात्र गॅरेजात झाला आहे. तापल्यावर येणाऱ्या आवाजाची तक्रार असेल, तर गाडी आधी ट्रॉली जोडून अर्धा तास चालवतात आणि मगच पाना हातात घेतात. त्या अर्ध्या तासाच्या डिझेलचा रकाना मी वहीत वेगळा आखला आहे.